रोह्याच्या सर्व्हरमधले चार तास

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. कंपनीचं नाव तेवढं लिहीत नाही, कारण आमच्या सरांचं काम तिथे अजून चालू आहे.

विश्वास ठेवा म्हणून मी हट्ट करणार नाही. मलाच कितीतरी दिवस बसला नव्हता.

तुम्हाला वाटेल रात्र असेल, अमावस्या असेल. तसलं काही नव्हतं. १७ डिसेंबर २०२३, रविवार. सकाळचे साडेअकरा. रोह्याची एमआयडीसी. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

तरी आज लिहिताना बोटं गार पडलीत…

मी प्रतिक्षा. गाव जोहे, पेणजवळचं. आमच्याकडे घरटी गणपतीचा कारखाना. माझी मैत्रीण दिपिका आमच्याच आळीतली. ती आणि तिची आई गिरजाबाई, दोघीच घरात. वडील ती लहान असतानाच गेले होते.

आम्ही एकाच शाळेत होतो, डिप्लोमाला एकाच बाकावर. रंगाचा ब्रशसुद्धा एकाच वर्षी हातात धरला.

पण दिपिकाने आखणी केली, म्हणजे मूर्तीचे डोळे काढले, की गणपती आपल्याकडे बघतोय असं वाटायचं. मी काढले की तिरळे व्हायचे. गिरजाकाकी हसायच्या. म्हणायच्या, "प्रतिक्षाला उंदीर रंगवायला द्या गो."

त्या मायेनेच म्हणायच्या. मला मात्र ते लागायचं.

ती माझी जिवाभावाची होती. आणि मला ती बघवायची नाही. दोन्ही खरं आहे. खोटं कशाला लिहू…

पेणला रामवाडीत दिनानाथ सरांचं छोटं ऑफिस आहे. कंपन्यांचे सर्व्हर, कॉम्प्युटर सांभाळायचं काम. आम्ही दोघी एकाच दिवशी तिथे लागलो. सहा महिन्यांनी सरांनी दिपिकाला रोह्याची केमिकल कंपनी दिली. मला पेणच्या शाळा आणि त्यांचे प्रिंटर.

ती संध्याकाळी बसमधून उतरायची आणि सांगत बसायची. कंपनीत कॉम्प्युटर बघणारा मितेश काय म्हणाला, साहेबांनी कसं कौतुक केलं, दिवाळीला काय दिलं. तिच्या बोलण्यात तोरा नव्हता. असता तर मला तिला नावं तरी ठेवता आली असती.

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मोठ्या सर्व्हरमध्ये डिस्क सांभाळणारं एक कार्ड असतं. त्याला कंट्रोलर म्हणतात. माहिती आली की कंट्रोलर ती आधी स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत घेतो आणि मग सावकाश डिस्कवर लिहितो. मध्येच लाइट गेली, तर लिहायची राहिलेली माहिती पुसली जाऊ नये म्हणून कार्डाला एक छोटी बॅटरी जोडलेली असते. तळहाताएवढी. ती माहिती दोन-तीन दिवस धरून ठेवते. तोवर लाइट आली तर सगळं वाचतं.

ही बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते. ती तपासत राहायचं, वेळेत बदलायची. बॅटरी कमजोर झाली की सर्व्हर स्वतःच मेल पाठवतो.

दिपिकाने रोह्यातली बॅटरी तीन वर्षं सांभाळली. कधी एक तक्रार नाही.

ऑगस्टमध्ये गणपतीची कामं जोरात होती. काकींकडे मोठी ऑर्डर आली होती आणि आखणीला दिपिकाशिवाय कुणी नव्हतं. तिने चार दिवस सुट्टी घेतली. जाताना आपला ऑफिसचा मेल माझ्या कॉम्प्युटरवर उघडून दिला.

"रोह्याचा काय मेल आला तर मला फोन कर गो. मी गाडीवर जाऊन येईन."

"व्हय," म्हटलं.

१२ ऑगस्ट, शनिवार. दुपारी तीनला मेल आला. बॅटरी कमजोर, ताबडतोब बदला.

नवी बॅटरी माझ्या मागच्याच कपाटात होती. फोन हातात होता.

मी तो मेल पुसून टाकला. नंतर कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढला.

काही मोठं घडावं असं मला वाटत नव्हतं. एवढंच वाटलं, की एकदा तरी तिच्या हातून काही राहू दे. एकदा तरी तिला कुणीतरी बोलू दे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी रोह्यात पाऊस झोडपत होता. लाइट गेली. कंपनीचा जनरेटर सुरू झाला नाही. यूपीएस संपला आणि सर्व्हर बंद पडला. स्पीड कमी होऊ नये म्हणून कंपनीने बॅटरी कमजोर असली तरी तात्पुरती मेमरी चालू ठेवायला लावली होती. बॅटरीने रात्रीच दम सोडला.

दुपारी सव्वादोन ते सव्वासहा, चार तासांच्या सगळ्या बॅचच्या नोंदी गेल्या. नोंदी नाहीत तर माल विकता येत नाही. तो सगळा माल अडकून पडला.

सोमवारी सरांनी दिपिकाला बोलावलं. मी तिथेच उभी होते.

"सर, मेल आलाच नाय," ती म्हणाली.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही आला.

बाहेर आल्यावर तिने मला एकटीला विचारलं, "खरंच आला नव्हता ना गो?"

"नाय."

तिने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग म्हणाली, "मग माझंच चुकलं. मी सुट्टीआधी तपासायला हवी होती."

बुधवारी रोहा माझ्याकडे आलं. नवी बॅटरी मीच बसवली. तिचा कनेक्टर नाजूक असतो, मला जमेना. शेवटी दिपिकाला फोन लावला. तिने शांतपणे सांगितलं, "नखाने खटका दाब, मग ओढ. जोर लावू नकोस."

पुढचे दोन महिने ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसून प्रिंटरचे फोन घेत होती. माझ्याशी नीट बोलत होती. डबा अर्धा मला देत होती.

ऑक्टोबरमध्ये तिला डेंग्यू झाला. पनवेलला नेलं. पाचव्या दिवशी ती गेली.

मी हॉस्पिटलात भेटायला गेले नव्हते. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिले…

डिसेंबरात रोह्याहून मेल आला. बॅटरी कमजोर.

मी बसवलेली, चार महिन्यांची, कोरी बॅटरी. तिची तीन वर्षं चालली आणि माझी चार महिने. मेल वाचताना हेच मनात आलं, की तिच्या हातची टिकली, माझ्या हातची नाही. मेलेल्या मुलीशी मी अजून बरोबरी करत होते.

बॅटरी बदलायला सर्व्हर बंद करावा लागतो. कंपनीत १७ तारखेला दुरुस्तीसाठी प्लांट बंद राहणार होता. मी सकाळची गाडी पकडून रोह्याला पोचले. गेटवर वॉचमन सखाकाकांकडे मोबाइल जमा केला. केमिकल कंपनीत मोबाइल आत नेऊ देत नाहीत.

मितेशने सर्व्हर रूम उघडून दिली. खिडकी नसलेली छोटी खोली. दुरुस्तीमुळे त्या बाजूचे दिवे बंद होते. दारातून येईल तेवढाच उजेड.

सर्व्हर रीतसर बंद केला. वायरी काढल्या. मितेश म्हणाला, "मॅडम, चहा घेऊन येतो," आणि गेला. दार आपोआप लोटलं गेलं.

पंखे थांबले होते…

त्या खोलीत कायम घरघर असते. ती थांबली की कानात दडे बसल्यासारखं होतं. स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

मी सर्व्हर पुढे ओढला. झाकण काढलं. छोटा टॉर्च दातात धरून आत वाकले.

कंट्रोलरवरचा दिवा लुकलुकत होता.

नारिंगी. अगदी बारीक. लुक… लुक…

त्या दिव्याचा अर्थ एकच असतो. लिहायचं राहिलेलं काहीतरी अजून धरून ठेवलंय.

पण सर्व्हर मी रीतसर बंद केला होता. राहिलेलं काही असायलाच नको होतं.

मी बघत राहिले आणि टॉर्च दातातून निसटला. खाली पडला, गडगडत रॅकखाली गेला आणि विझला.

अंधार. त्यात तो एक दिवा.

शोधायला वाकणार, तोच माझ्या खांद्यावरून उजेड आला. थेट बॅटरीच्या कनेक्टरवर. मला जिथे हवा होता तिथेच.

मला वाटलं, मितेश आला.

दोन्ही हात आत होते. वर न बघता मी म्हणाले, "थोडा डावीकडे घे."

उजेड डावीकडे सरकला.

"बस. तिथेच धर."

तिथेच थांबला. जराही हलला नाही. माणसाने हातात टॉर्च धरला की थोडा तरी थरथरतो. हा नाही.

नखाने खटका दाबला. ओढला. पहिल्याच झटक्यात कनेक्टर सुटला. बॅटरी माझ्या हातात आली.

मी कार्डाकडे बघितलं.

दिवा अजून लुकलुकत होता…

लाइट नाही, वायर नाही, बॅटरी माझ्या मुठीत. आणि दिवा चालू.

"मितेश, हे बघ काय…"



तेव्हा वास आला. टर्पेंटाइनचा. केमिकल कंपनीत दहा वास असतात, पण हा मला लहानपणापासून माहीत आहे. आखणीचे ब्रश धुतल्यावर बोटांना राहतो तो.

माझ्या अगदी मानेजवळून येत होता…

मागे दार उघडलं. "मॅडम, अंधारात काय करताय?" मितेश. दोन्ही हातांत चहाचे कप.

उजेड नव्हता. खोलीत फक्त दारातून आलेली तिरीप. मितेशने वाकून रॅकखालून टॉर्च काढून दिला. बंदच होता. खटका दाबला तरी लागेना.

मी त्याला काही बोलले नाही. नवी बॅटरी लावली. तीन वेळा कनेक्टर चुकला. झाकण लावलं, वायरी जोडल्या, सर्व्हर चालू केला.

काळ्या स्क्रीनवर अक्षरं यायला लागली. मग थांबली.

जपून ठेवलेली माहिती सापडली आहे. डिस्कवर लिहायची का?

हो म्हणायला एक बटण दाबावं लागतं. मी कीबोर्डला हात लावला नव्हता. मितेशच्या हातात कप होता.

लिहायला सुरुवात झाली…

संपलं तेव्हा घड्याळात बारा बेचाळीस झाले होते. सिस्टीम चालू झाली. मितेश सवयीने नोंदी तपासायला लागला आणि एकदम थांबला.

"मॅडम… १३ ऑगस्ट."

सव्वादोन ते सव्वासहा. चार तास. एकेक बॅच, एकेक तापमान, एकेक सही. सगळं जागच्या जागी.

चार महिन्यांपूर्वी पुसलेलं. दोन-तीन दिवसांच्या वर कुठलीच बॅटरी धरू शकत नाही. आणि ऑगस्टमधली ती बॅटरी तर मी स्वतः काढून फेकली होती.

तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. भीती नंतर वाटली. आधी मनात आलं ते जुनंच. मेली तरी हिचंच काम चोख.

मितेश माझ्याकडे डोळे फाडून बघत होता. "कसं केलंत तुम्ही?"

आणि मी म्हणाले, "एक पद्धत आहे. मला माहीत होती."

सोमवारी कंपनीच्या साहेबांचा मेल आला. अडकलेला माल सुटणार होता. दिनानाथ सरांनी तो सगळ्या ऑफिसला वाचून दाखवला. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "दिपिकाला पण हे जमलं नसतं हां."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते…

शेजारच्या टेबलाची खुर्ची रिकामी होती. तिथून टर्पेंटाइनचा वास आला. मी इकडेतिकडे बघितलं. दुसऱ्या कुणाला येत नव्हता.

सर बोलत होते. मला एक शब्द ऐकू येत नव्हता.

त्या आठवड्यात मी कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनीअरला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, हे होऊ शकत नाही. तुमची काहीतरी चूक होतेय."

झोप उडाली होती. जेवण जात नव्हतं. आई विचारायची, मी काहीतरी सांगायचे. उजेडाचं मात्र कुणाला बोलले नाही. मितेशला नाही, सरांना नाही, आईलाही नाही. हे नीट लक्षात ठेवा.

पुढच्या रविवारी, २४ तारखेला, मी गिरजाकाकींकडे गेले. बाराच्या सुमाराला. काकी कारखान्यात बसून माघी गणपतीची मूर्ती पॉलिश पेपरने घासत होत्या. दिपिका गेल्यापासून मी त्यांच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं.

"ये गो. बस," त्या म्हणाल्या. जशी मी रोजच येते.

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मेल आला होता काकी. मी पुसला. तिची काही चूक नव्हती.

एवढंच सांगितलं. डिसेंबरातलं काही नाही.

काकींचा हात थांबला नाही. घासत राहिल्या.

"मला ठाव हाय."

"कसं?"

"दीपाने सांगितला. त्या मशिनीतच लिवलेला असतो म्हणे, मेल कवा गेला तो. तिनं तवाच बघितला."

ते खरं आहे. सर्व्हर स्वतःकडे नोंद ठेवतो. शनिवार, दुपारी तीन. मी मेल पुसला, पण ती नोंद पुसायचं मला सुचलंच नव्हतं. दिपिकाला सुचणारच. तिने बघितलं होतं आणि दोन महिने माझ्या शेजारी बसून डबा अर्धा दिला होता.

"मग सरांना का नाही सांगितलं तिने?"

"मी पण इचारला. बोलली, आई, माझा रोहाच गेला. तिची नोकरी जाईल."

मी खाली बसले. रडायला पाहिजे होतं. रडू आलं नाही. एवढं मोठं मन हिच्याकडेच का, असं वाटत राहिलं. माझी मलाच किळस आली.

काकींनी मूर्तीवरची भुकटी फुंकली.

"मग, काम झाला ना नीट?"

"कुठलं?"

"मागल्या रविवारचा गो. रोह्याचा. अंधार होता ना तिकडं?" त्या सहज बोलत होत्या. "तिनं बॅटरी धरली ती."

गावात टॉर्चला बॅटरी म्हणतात.

 

"काकी… तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कोण सांगेल? रविवारची जेवायला घरीच असते ना ती. त्या दिशी उशीर झाला तिला. मी बोलली, भात गार झाला गो. तवा सांगितला."



काकी उठल्या. हात झटकले. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता. आतल्या खोलीत गेल्या. ताटं काढल्याचा आवाज आला.

आतूनच हाक मारली, "थांबतेस काय गो जेवायला? आता येलच ती."

मी चपला हातात घेऊन पळाले. मागे बघितलं नाही.

मंगळवारी सरांना सगळं सांगितलं, मेलचं.  सरांनी कंपनीला पत्र लिहिलं, की ऑगस्टमध्ये दिपिकाची चूक नव्हती. मला नोकरीवरून काढलं नाही, पण रोहा काढून घेतलं. आता तिथे दुसरा मुलगा जातो. त्याला मी काही विचारत नाही आणि तो आपणहून काही सांगत नाही. मी परत शाळांचे प्रिंटर बघते.

तो वास मात्र थांबला. ऑफिसात पुन्हा कधी आला नाही.

गावातले म्हणतात, गिरजाबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. पोरीचं दुःख. असेलही. पण मग त्यांना तो उजेड कसा कळला, हे मला कुणी सांगत नाही. मी विचारू तरी कुणाला…

आमची घरं एकाच आळीत आहेत. रविवारी दुपारी सगळी आळी निजलेली असते. मी खिडकी लावून घेते. तरी ऐकू येतं. आधी ताट ठेवल्याचा आवाज. मग दुसरं ताट. मग काकी बोलायला लागतात, हळू आवाजात, आठवडाभराचं काय काय. मध्येच थांबतात. समोरचं माणूस बोलत असलं की आपण थांबतो तेवढंच.

मग हसतात.

माझी आई माझ्याशी कधी एवढं बोलत नाही.